थांबली ते धरत नाहीत

डॉक्टर बाहेर आले तेव्हा सव्वाअकरा झाले होते. त्यांनी चष्मा काढून हातात धरला आणि म्हणाले, "गेल्या." गुलाबसिंग बाकावरून उठला आणि पुन्हा बसला. भिंतीवर पाण्याची टाकी होती, तिच्या नळाला साखळीने पेला बांधलेला होता. तो त्या पेल्याकडे पाहत राहिला. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. मेहुण्याचा, नेमसिंगचा असेल असं वाटून त्याने तो उचलला. पलीकडून एक मुलगी अगदी स्वच्छ आवाजात बोलत होती. "नमस्कार सर. गुलाबसिंग राठोड बोलताय ना? आपल्या हायब्रिड पिकअपच्या अनुभवाबद्दल दोन मिनिटं बोलायचं होतं. आता वेळ आहे का?" तो म्हणाला, "बोला." नाही म्हणायला काहीतरी कारण सांगावं लागलं असतं, आणि ते कारण तोंडातून काढायला अजून तोंड तयार झालं नव्हतं. मुलीने विचारलं, गेल्या तीस दिवसांत गाडीने कुठे अडचण दिली का. तो म्हणाला, नाही. गाडीवर भरवसा किती आहे, दहापैकी. तो म्हणाला, दहा. ओळखीच्या माणसाला ही गाडी घ्या असं सांगाल का, शून्य म्हणजे मुळीच नाही आणि दहा म्हणजे नक्की. तो म्हणाला, दहा. "धन्यवाद सर. आपला दिवस आनंदात जावो." फोन ठेवून तो आत गेला. बायकोच्या, बसंतीबाईच्या, एका पायात चप्पल होती. दुसरी गाडीतच राहिली असणार.

पुढचे दिवस त्याला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. तांड्यातून आलेली माणसं, बायकांचं रडणं, पुण्याहून आलेली लेक आणि तिची बॅग, कुणीतरी पुन्हा पुन्हा पुढे केलेला चहा. यातलं आधी कुठलं आणि नंतरचं कुठलं हे सांगता येत नाही. ते दोन दहा मात्र त्याला शब्दाला शब्द आठवतात, फोनवरच्या मुलीच्या आवाजासकट. दाढेत सुपारीचा कुटका अडकला की जीभ उगाच तिथे जाते, तसं मन तिथे जाई. पाप केलं असं त्याला वाटलं नाही. कुणाचं नुकसान झालं असंही नाही. बायको जाऊन पाच मिनिटं झाली नव्हती आणि आपण गाडीला दहा दिले, एवढंच. हे तो स्वतःशी असं म्हणे की जणू दुसऱ्या कुणाबद्दल ऐकलेलं सांगतो आहे.

सवय होती, हे खरं. अडीच वर्षांपूर्वी त्याने ही गाडी घेतली तेव्हा यवतमाळच्या आर्णी रोडवर तिचं शोरूम नवीनच उघडलं होतं. पेट्रोलचं इंजिन, सोबत बॅटरी. हळू चालली की बॅटरीवर, जोर लागला की दोन्हीवर. तांड्यात हायब्रिड ज्वारी माहीत होती, हायब्रिड पराटी, म्हणजे कपाशी, माहीत होती, आता हायब्रिड गाडी आली म्हणून पोरं पाहायला जमली होती. त्या साली कापूस कुणालाच परवडला नव्हता. बोंडअळी, मग भाव, मग ओला म्हणून जिनवाल्याने परत पाठवलेल्या गाड्या. शेतीतून मन उठलेला जो तो पिकअप घेऊ लागला होता, आणि जितक्या पिकअप वाढल्या तितका एकेकीच्या वाट्याचा माल कमी झाला होता. गुलाबसिंग मात्र शेतीतून आलेला नव्हता. तीस वर्षं तो ओझंच वाहत होता. आधी बापाची बैलबंडी, मग दुसऱ्याचा टेम्पो, मग ही स्वतःची. शोरूमच्या मागच्या शेडात सर्व्हिसिंग होई आणि तिथे काउंटरवर उज्ज्वला नावाची मुलगी बसे. दारव्ह्याकडची, लग्न न झालेली, हातावर सतत काहीतरी पेनने लिहिलेलं. पहिल्याच सर्व्हिसिंगला ती म्हणाली होती, "काका, तुम्हाले पुण्याहून फोन येईन. दहा द्या बरं. नऊ नका देऊ. नऊ देल्ले तरी आमच्याइकडं नापासच धरतात, अन् माझा इन्सेंटिव्ह जाते." त्याला ते अजब वाटलं. नऊ म्हणजे तर चांगले मार्क. बसंतीबाई शेजारी बाकड्यावर बसून डब्यातला भात लिंबाच्या लोणच्यासोबत खात होती. तिने मान वर न करता सांगितलं, "देजा दहा. लेकरू आहे थे. तिचं कापून आपल्याले काय भेटते?" मग डब्याचं झाकण उज्ज्वलेपुढे धरून म्हणाली, "घे वं, लोणचं घे. बिना पगाराचं आहे." उज्ज्वला हसली आणि तिने घेतलं. तेव्हापासून दर सर्व्हिसिंगनंतर फोन येई आणि तो दहा म्हणे. एकदा उज्ज्वलेने त्याचाच फोन मागून घेतला आणि दोन मिनिटं त्यावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं हे त्याने विचारलं नाही. फोन परत देताना ती म्हणाली, "तुमच्या नावानं चांगलं लिहून देल्लं काका, पाच तारे." बसंतीबाई म्हणाली, "त्यायच्या नावानं चांगलं लिवणारी तू पह्यलीच."

त्यात एक घरची रीतही होती. त्याचा आजा लदेणीवर जाणाऱ्यांच्या शेवटच्या पिढीतला, बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून गावोगाव नेणारा. त्याने बापाला आणि बापाने गुलाबसिंगला सांगितलेलं: बैलाची खोड घरात, गुण गावात. चालत्या तांड्यात एखादा बैल बसला, त्याचा खूर दुखावला, तो पाय टेकेना झाला, तर रस्त्याने जाणाऱ्याला सांगायचं की विसाव्याला थांबलो आहोत. बैल बसला असं कधी म्हणायचं नाही. एक तर बैलाला ते कळतं आणि तो मन सोडतो. दुसरं म्हणजे लोकांना कळतं आणि पुढच्या खेपेला ते दुसऱ्या तांड्याच्या नायकाकडे जातात. आजा म्हणे, ओझं वाहणाऱ्याजवळ विकायला दोनच गोष्टी असतात, पाठ आणि भरवसा. गुलाबसिंगने बैलांमागून चालण्याचे दिवस पाहिले नाहीत, तरी तोंडाला ते वळण बसलेलं होतं. जिनवर कुणी विचारलं, "कशी आहे भाऊ गाडी?" तर तो म्हणे, "एकच नंबर." गाडीच्या टपावर हात ठेवूनच म्हणे.

खोड होती. गाडी तापली की समोरच्या काचेखाली एक पिवळं चिन्ह पेटे, कासवाचं. कासव आलं की गाडी आपली आपण मंद व्हायची, वीसच्या वर जायची नाही, आणि चढ असला तर काही वेळाने थांबायची. मग अर्धा-पाऊण तास थंड झाली की कासव विझे आणि गाडी काहीच घडलं नसल्यासारखी निघे. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मागे ढेपेची पोती होती. दुसऱ्यांदा ते दोघं उमरखेडहून एका लग्नावरून परतत होते. पुसदच्या पुढे घाटात कासव आलं. दोघं उतरून पळसाखाली बसले. बसंतीबाईने लुगड्याच्या ओच्यातून लग्नातले भुईमुगाचे दाणे काढले आणि दोघांनी खाल्ले. ती म्हणाली, "गाडीले चहा पाज म्हंते मी. लग्नात पंगतीले बसवली नाई म्हून रुसली." एक मोटरसायकलवाला थांबला, "काय झालं काका?" गुलाबसिंग म्हणाला, "काई नाई, विसावा घेऊन राह्यलो." तो गेल्यावर बसंतीबाई किती वेळ हसत होती. पुढे कुठेही गाडी उभी केली, चहाला किंवा लघवीला, की ती म्हणे, "झाला का विसावा?" त्याने उज्ज्वलेला कासवाचं सांगितलं होतं. ती म्हणाली, "सेन्सरचं आहे काका. फॉर्मवर नका लिहू, मी पाहून घेते." तिने पाहिलं असेल, नसेल. त्या खेपेलाही त्याने दहा दिले.

पावसाळा संपता संपता तो एकदा सर्व्हिसिंगला गेला तेव्हा काउंटरच्या मागे मोठा बोर्ड लागलेला होता. त्यावर गाडीचं चित्र, पाच तारे, पाचवा जरासा अपुरा, आणि खाली लिहिलेलं: भरवशात अव्वल. उज्ज्वलेने त्याला एकट्याला पाहिलं आणि ती उठून उभी राहिली. तिला कळलेलं होतं. तिने पाण्याचा ग्लास आणून ठेवला. तो बराच वेळ बोर्डाकडे पाहत बसला. मग म्हणाला, "हा आकडा कोन काढते?"

"कंपनी काढते काका. लोकायले इचारून."

"कोन्या लोकायले?"

"ज्यायच्याजवळ गाडी आहे त्यायले. जो फोन उचलते त्याले."

"ज्यानं वैतागून इकून टाकली, त्याले?"

"त्याच्याजवळ गाडीच नाई ना राह्यली. त्याले कसं इचारतीन?"

"अन् रस्त्यात थांबली तर? थे कुठं लिवतात?"

"गाडी टो करून आणली त बिघाड धरतात. आपली आपणच चालू झाली त नाई धरत." मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "नुसती थांबली थे धरत नाई काका. नाईतर कोनतीच गाडी पास नाई होणार."

तिने हे काही लपवून सांगितलं नव्हतं. पेट्रोलचा भाव सांगावा तसं सांगितलं. त्याला तिचा राग आला नाही. उलट, एका बाजूने ते बरोबरच वाटलं. पोचली तर पोचली. आजाही असंच मोजत असणार. बैल वाटेत किती वेळा बसला हे मीठ घेणारा विचारत नाही. पण मग त्या सकाळची, रस्त्यातली ती चाळीस मिनिटं कुठे गेली, असं त्याच्या मनात आलं. कंपनीच्या वहीत ती नाहीत. दवाखान्याच्या कागदावर आणलं ती वेळ आहे, निघाले ती वेळ नाही. तांड्यात कुणाला ठाऊक नाहीत. म्हणजे ती फक्त आपल्याजवळ आहेत, आणि आपण मेलो की ती झालीच नव्हती असं होईल. हा विचार आला तेव्हा त्याला भीती वाटली नाही, जरासं हलकंच वाटलं, आणि त्या हलकं वाटण्याचाच नंतर त्रास झाला. घरी दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत तो झोपे. आतल्या खोलीत ती ज्या कोनाड्यात कंगवा ठेवी तिथे कंगवा होता. त्याने तो हलवला नाही. त्यात प्रेमापेक्षा आळसच जास्त होता असं त्याचं त्यालाच वाटे. स्वयंपाक तो स्वतः करे. भाकरी जमत नाही म्हणून भात. गाडी मात्र रोज पुसे, आधी पुसायचा तशीच. एकदा सीटखाली हात घातला तेव्हा चप्पल लागली. त्याने ती परत तिथेच सारली.

ती चाळीस मिनिटं अशी होती. मे महिना होता. बसंतीबाई चार दिवसांपासून माहेरी, आर्णीजवळच्या तांड्यात होती, आईचे गुडघे दुखत होते म्हणून. तो आदल्या दिवशी जड खेप टाकून मुक्कामाला तिथेच गेला होता. सकाळी चूल सारवताना तिला घाम फुटला आणि छातीत भरून आलं. नेमसिंग, तिचा धाकटा भाऊ, म्हणाला, "एकशे आठले फोन लावतो दाजी." गुलाबसिंग म्हणाला, "थे आर्णीवरून येईन, मंग जाईन. आपली गाडी दारात उभी आहे ना." गाडीत दोनच माणसांची जागा. नेमसिंग मागून एसटीने येतो म्हणाला. साडेआठला ते निघाले. ती टेकून बसली होती, डोळे मिटून, एक हात दाराच्या कडीवर. चढ लागला आणि कासव पेटलं. नऊ वाजताच ऊन असं होतं की डांबर चकाकत होतं. त्याने पायाने दाब दिला, मग दाब काढला, मग पुन्हा दिला. गाडी सरकत सरकत एका ओक्याबोक्या सागवानाच्या पट्ट्यापाशी थांबली. बसंतीबाईने डोळे उघडले. कासवाकडे पाहिलं आणि म्हणाली, "आली का ही बया." तो उतरला. मागचं झाकण उघडलं. प्यायच्या पाण्याची बाटली त्याने बॅटरीच्या पेटीवर ओतली, तापलेल्या बैलाच्या पाठीवर ओततात तशी. पाणी चर्र झालं नाही, नुसतं वाहून खाली गेलं. तो परत आला तेव्हा तिने पाणी मागितलं. बाटलीत दोन घोट होते. तिने एक घेतला आणि बाटली त्याच्याकडे दिली, "तू घे, उन्हात उभा हायेस." ती त्याला एरवी अहोजाहो करी, माणसांत असली की. दोघंच असली की तू म्हणे.

आणि मग जीप आली. हे तो सगळ्यात शेवटी आठवतो, इथवर यायला त्याला दरवेळी बाकी सगळं आधी आठवावं लागतं. यवतमाळकडे जाणारी जीप, अर्धी रिकामी. ड्रायव्हरने वेग कमी केला, मान बाहेर काढली आणि विचारलं, "काय झालं हो? गाडी बंद पडली का?" गुलाबसिंगने गाडीच्या टपावर हात ठेवलेला होता. तो म्हणाला, "नाई नाई. विसावा घेऊन राह्यलो." ड्रायव्हरने एकदा आत बसलेल्या बाईकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि गिअर टाकला. जीप वळणावर गेली, मग वळणापलीकडून तिचा आवाज आला, मग तोही गेला. त्याला हाक मारता आली असती. वळणापर्यंत पळता आलं असतं. तो वळला तेव्हा बसंतीबाई त्याच्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं हे तो नक्की सांगू शकत नाही. राग नव्हता. ती हसली असंही त्याला कधी कधी वाटतं, पण ते पुसदच्या घाटातलं हसू इकडे आलेलं असेल. ती म्हणाली, "झाला का विसावा?" आणि डोळे मिटले. त्यानंतर दुसरी गाडी आली नाही, किंवा आली तर त्याला दिसली नाही. नऊ चाळीसला कासव विझलं. सव्वादहाला ते दवाखान्यात पोचले.

त्याने डॉक्टरांना विचारलं होतं, त्याच दिवशी, संध्याकाळी कागद घेताना. अर्धा-पाऊण तास आधी आणलं असतं तर. डॉक्टर म्हणाले, "काही सांगता येत नाही हो. कदाचित फरक पडला असता, कदाचित नाही. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." त्याला वाटलं, हे उत्तर डॉक्टर सगळ्यांनाच देत असतील. आमच्याकडे दहा असतात तसं. आणि तिसऱ्या दिवशी सासू, हंसाबाई, त्याच्यासमोर येऊन बसली. तिचे डोळे कोरडे होते. तिने एवढंच विचारलं, "रस्त्यात लेकीले तरास झाला का?" घरात तेव्हा वीसेक माणसं होती. तो म्हणाला, "नाई. झोपल्यावानी होती. सरळ गेलो." हंसाबाईने मान हलवली आणि त्याच्या हातावर हात ठेवला. नेमसिंग भिंतीशी उभा होता. त्याने ऐकलं. तेव्हापासून तांड्यात सांगताना सगळे तसंच सांगतात: दाजींनी गाडी उडवत नेली, पण आयुष्यच तेवढं होतं.

आज शनिवार, दुपारी बाराच्या एसटीने नेमसिंग आला. अडतीस वर्षांचा, अंगाने बारीक, हसला की बहिणीसारखा दिसणारा. पिशवीत हंसाबाईने दिलेली तुरीची डाळ होती आणि वर मिरच्या. तो बाजेवर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, "दाजी, भातच खाऊन राह्यले का अजून? भाकर शिका ना. मी पाठवतो माह्या घरवालीले शिकवाले, पण थेही जाळतेच."

गुलाबसिंग म्हणाला, "भात बरा. करपला तरी खालूनच करपते."

दोघं जेवले. नेमसिंगने यंदाच्या पराटीचं सांगितलं. बोंडं होती, आत काही नव्हतं. जे होतं ते वेचायला बाई मिळत नाही, मिळाली तर वेचलेलं तिलाच देऊन टाकावं असा भाव. मग हात धुऊन आला आणि बाजेवर न बसता गुलाबसिंगच्या जवळ खाली बसला. "एक इचारायचं होतं. मी हायब्रिड घेऊन राह्यलो. तुमचीच, थेच मॉडेल. पराटीत काई राह्यलं नाई. वावर ठोक्यानं देऊन टाकतो अन् गाडी चालवतो. अन् याडीले पंधरा दिसानं इकडं दाखवाले आणा लागते, एसटीत तिच्यानं चढल्या जात नाई. घरची गाडी असली की बरं." याडी म्हणजे आई, हंसाबाई.

"पिकअप लय झाल्या नेमसिंग. माल कुठं आहे?"

"थे तं तुमीही घेतली तवा म्हंतच होते लोक." त्याने फोन काढला आणि बोटाने वर सरकवत गेला. "मी काई असंच नाई घेऊन राह्यलो. पाहा. चार पॉइंट आठ. अकराशे लोकायनं देल्ले. अकराशे लोक काय येडे आहेत? अन् हे पाहा." त्याने फोन गुलाबसिंगच्या नाकाजवळ धरला. "गुलाबसिंग आर. हे तुमीच ना?" गुलाबसिंगने फोन लांब धरून वाचलं. त्याच्या नावाखाली पाच तारे होते आणि पुढे लिहिलेलं होतं: अतिशय विश्वासार्ह वाहन, घाटातसुद्धा दमत नाही, मी सर्वांना शिफारस करतो. नेमसिंग हसत होता. "शिफारस. दाजी, तुमी कवापासून असं पुस्तकातलं बोलाले लागले? बाई असती त तिनं तुमाले रोज शिफारस केली असती."

बाई म्हणजे बहीण. बाहेर गाडी उभी होती, दारातून तिचं मागचं चाक दिसत होतं. आज पुसायची राहिली होती. गुलाबसिंगला वाटलं की आता बोलायचं तर हीच जागा आहे. हा परका नाही. आजाने परक्यापासून लपवायला सांगितलं होतं. आपल्या माणसाने बैल घ्यायचं काढलं तर त्याला खोड सांगावीच लागते, शेपटीला हात लावून सांगावी लागते, हेही आजानेच सांगितलं होतं, बापाने ते सांगताना घाईत सोडून दिलं असेल तर ती गोष्ट वेगळी. त्याने फोन परत दिला. घसा साफ केला.

"थांबते," तो म्हणाला.

"कोन?"

"गाडी. तापली की एक कासव येते समोर. मंग थांबते. घाटातच थांबते. हे मी नाई लिवलं, थ्या पोरीनं लिवलं."

नेमसिंगचं हसू गेलं. तो नीट बसला. "थांबते म्हंजे? किती वेळा थांबली?"

गुलाबसिंगने त्याच्याकडे पाहिलं. बसंतीबाईचीच भुवई, मधे जराशी तुटलेली. आता तीनदा म्हटलं की तो विचारणार, तिसऱ्यांदा, कधी. कधी सांगितलं की विचारणार, किती वेळ. मग विचारणार, रस्त्यावर गाडी नव्हती का दुसरी. एकेक पायरी त्याला उतरताना दिसत होती, आणि सगळ्यात खाली हंसाबाई बसलेली होती, त्याच्या हातावर हात ठेवून. तोंड उघडलं. जीभ आपली आपणच गेली.

"दोनदा," तो म्हणाला.

"अडीच वर्सांत दोनदा?"

"हो."

"टो करून आनली?"

"नाई. थंडी झाली अन् आपली आपणच निघाली."

नेमसिंगने मोठा श्वास सोडला आणि त्याच्या मांडीवर थाप मारली. "काय दाजी. जीवच घेतला माहा. मंग थांबली काहून म्हंता? माही मोटरसायकल हप्त्यातून दोनदा थांबते, अन् मी तिले ढकलत नेतो. अडीच वर्सांत दोनदा म्हंजे काईच नाई. पण बरं झालं सांगितलं. घरचा माणूसच खरं सांगते. थे अकराशे एकीकडं अन् तुमी एकीकडं." त्याने तिथेच बसून शोरूमला फोन लावला. पलीकडे उज्ज्वलाच होती, गुलाबसिंगला तिचा आवाज ओळखू आला. नेमसिंग म्हणाला, "मॅडम, सोमवारी अकराले येतो. हो, पक्कं. पांढरीच पायजे. हो हो, राठोड दाजी माहेच. त्यायनंच सांगितलं घे म्हून." त्याने फोन गुलाबसिंगपुढे धरला, बोलता का म्हणून. गुलाबसिंगने हाताने नको म्हटलं.

अडीचच्या एसटीला तो त्याला सोडायला गेला. गाडीने नाही, पायी, स्टँड लांब नाही. वाटेत नेमसिंग रंगाचं बोलत होता, मागच्या बाजूला काय लिहायचं ते बोलत होता, बाईचं नाव लिहावं असं याडी म्हणते, तुम्हाला चालेल का. गुलाबसिंग म्हणाला, लिही. एसटी आली. नेमसिंगने खिडकीची जागा धरली आणि आतून हात केला. गाडी निघाली तेव्हा गुलाबसिंग दोन पावलं तिच्यासोबत चालला आणि त्याने खिडकीच्या पत्र्यावर हात ठेवला. नेमसिंग वाकून म्हणाला, "काय दाजी?" कंडक्टरने घंटी दिली. गुलाबसिंग म्हणाला, "काई नाई. पोचला की फोन करजो."

नेमसिंगचा फोन चार वाजता आला, पोचलो म्हणून. दोघं अर्धा मिनिट बोलले. हंसाबाईने मागून विचारलं, मिरच्या तिखट लागल्या का. गुलाबसिंग म्हणाला, चांगल्या आहेत.

नेमसिंग सोमवारी अकरा वाजता शोरूमला येणार आहे. तिसऱ्या वेळचं त्याला सांगायचं आहे. जीप थांबली होती हेही सांगायचं आहे. आज ते सांगून झालेलं नाही.